बगलेतली कळी

मापाची टेप मामांच्या छातीभोवती होती. टेलर म्हणत होता, "मास्तर, सास सोडा." मामा सोडेनात. उलट त्यांनी छाती आणखी फुगवली.

"हेच माप घे गा. कोट घालून मी कचेरीत बसाले नाई जात, क्लॅरिनेट फुकाले जातो. भर वरातीत बटन तुटलं तं हसं कोनाचं होईन?"

टेलरने आकडा वहीत लिहिला. महाशिवरात्र उरकली होती आणि खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळापुढची गर्दी ओसरली होती. नांदगाव खंडेश्वरात आता तुरीच्या भावाच्या आणि लग्नाच्या तारखांच्या गोष्टी चालल्या होत्या. मामांचा बँड अकरा जणांचा. दर तीन-चार वर्षांनी कोट शिवायचे, तेही याच दुकानात, लाल टेरिकॉटचे. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर आडव्या जरीच्या लेसा, पितळी बटणं.

यंदा मात्र दुकानातल्या बाकावर पुण्याहून आलेला भासा बसला होता आणि त्याला हा कोट मान्य नव्हता.

"मामा, पुन्हा लालच? पुन्हा तीच झालर?"

"मंग काय हिरवी लावू?"

"झालरच कशाला? हा पोशाख आपला आहेच कुठे? इंग्रजांच्या पलटणीतल्या बँडचा आहे. ते गेले, वाद्यं आणि कोट इथे ठेवून गेले."

पोराचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ब्रास बँड आपल्याकडे आला तो छावण्यांतून. पलटणीत वाजवलेली, निवृत्त झालेली माणसं संस्थानिकांच्या आणि शहरी श्रीमंतांच्या चाकरीत गेली, तिथून बँड लग्नात उतरला. वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात बनू लागली. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. ऑकलंड विद्यापीठातले संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी लग्नाच्या बँडवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरून २००५ साली 'ब्रास बाजा' हे अख्खं पुस्तक लिहिलं. ज्यांची नावं लग्नपत्रिकेत कधी छापली जात नाहीत अशा माणसांवर कुणी इतकं मन लावून लिहिलं, ही मोठी गोष्ट आहे.

मामांना मेरठ माहीत होतं, त्यांची क्लॅरिनेट तिथलीच. ते म्हणाले, "उसना असन. पन लेका, तुह्या आज्याचा पोशाख पायला होता का तू?"

भाशाने मान हलवली. आजोबा त्याच्या जन्माआधीच गेलेले.

"सनई वाजवाचा. गावात कोनाचं बी लगन असो, बापाले बोलावनं यायचं, इचारनं नाई. आंगनाच्या बाहेर, उन्हात उभं राहून वाजवाचं. आंगात काय? ज्याच्या घरचं लगन त्यानं मागच्या वर्षी देल्लेला जुना सदरा. कधी बाही लांब, कधी गया तंग. दुसऱ्याच्या मापाचं घालून जलमभर वाजवलं त्यानं. मी पयला कोट शिवला तो माह्या मापाचा. याच्या बापानं शिवला." त्यांनी टेलरकडे बोट केलं. "तो घालून घरी गेलो, तं बापानं बटनं मोजली. एक एक करून. नऊ होती."

दुकानात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मशीनही थांबलं होतं.

महाराष्ट्रात वाजवण्याचं काम कोणत्या घरांकडे होतं आणि ते कोणत्या अटींवर होतं, हे सांगायला नको. आंबेडकरी चळवळीत अनेक गावांतल्या माणसांनी गावकीचं वाजवणं ठरवून सोडलं, कारण त्या वाजवण्याला मोबदल्यापेक्षा हुकूम जास्त चिकटलेला होता. ज्यांनी कला ठेवली त्यांच्यापैकी काहींना बँडच्या कोटाने एक वेगळी वाट दिली. ठरलेली सुपारी, ठरलेले तास, आणि अंगावर स्वतःच्या मापाचं कापड. कोट परका होता खरा. पण त्या परकेपणाचाच उपयोग झाला, कारण गावातल्या कोणत्याही जुन्या पायरीवर तो बसत नव्हता.

भासा हार मानणाऱ्यातला नव्हता. शाळेत असताना तो अमरावतीत पाइप बँडमध्ये होता, तोंडाने फुंकायची बॅगपाइप वाजवायचा. "खांद्यावरून चौकड्यांचा पट्टा घ्यायचो आम्ही. त्या चौकड्या कुणाच्या, कशाच्या, एकाही सरांनी सांगितलं नाही. नंतर वाचलं, तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचं कापड. तिथे १७४६ मध्ये सरकारने त्या पोशाखावर बंदी घातली, १७८२ मध्ये उठवली, आणि पुढे त्याच सरकारच्या फौजेने तो जगभर नेला. आपल्या शाळांच्या राष्ट्रीय बँड स्पर्धेत आजही पाइप बँडचा वेगळा गट आहे. वाजवा, मी नाही म्हणत नाही. पण कापडसुद्धा त्यांचंच?"

"मंग कोनतं घालाचं?"

"हे बघा," म्हणून त्याने मोबाइल पुढे केला.

पडद्यावर एक आयरिश माणूस साध्या लाकडी खुर्चीवर बसला होता. निळसर शर्ट, साधी पँट. टोपी नाही, पट्टा नाही, घागऱ्यासारखा किल्टही नाही. उजव्या काखेखाली एक छोटा भाता, कमरेला आणि दंडाला पट्ट्यांनी बांधलेला. डाव्या काखेखाली पिशवी. मांडीवर आडव्या नळ्या. आणि उजव्या गुडघ्याच्या जरा वर चामड्याचा एक तुकडा, त्यावर बोटांखालची नळी टेकलेली. माणूस वाजवत होता आणि त्याचं तोंड मोकळं होतं. मध्येच तो शेजाऱ्याकडे पाहून हसलाही.

मामांनी चष्मा लावला. वाद बाजूला राहिला. "तोंडानं नाई फुकत हा?"

"नाही. कोपराने. त्या वाद्याचं नावच इलन पाइप, आणि त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ कोपर. उजवं कोपर भाता दाबतं, डावं पिशवी."

"आन् हे चामडं?"

"नळीचं खालचं तोंड त्याच्यावर दाबून बंद करतात. बंद केलं की सूर तुटक काढता येतात, आणि हवेचा दाब वाढवून वरच्या सप्तकात जाता येतं. कापडावर तोंड नीट बंद होत नाही, हवा निसटते. म्हणून चामडं."

"म्हंजे याच्या पोशाखात कामाचं एवढंच. चामड्याचा तुकडा."

"तेच तर सांगतोय!"

मामा मात्र पुढे गेले होते. मागे सतत धरून ठेवलेला एक स्वर त्यांच्या कानांनी पकडला होता. सनईच्या जोडीला एक जण नुसता सूर धरून उभा असतो. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि स्वर तुटू द्यायचा नाही. मामांची सुरुवात त्यातच झाली, वयाच्या दहाव्या वर्षी, बापाच्या डाव्या हाताला उभं राहून. "हा तं सूर धरून रायला," ते म्हणाले. "त्याची पिशवी म्हंजे माहे गाल." बॅगपाइपचं एवढं नेमकं वर्णन क्वचितच ऐकायला मिळतं.

आयर्लंडमध्ये पाइप दोन तऱ्हेच्या आहेत आणि पोशाखाचा घोळ तिथूनच सुरू होतो. एक तोंडाने फुंकायची, मोठ्या आवाजाची, उभ्याने आणि चालत वाजवायची. तिला युद्धपाइप म्हणतात. पलटणीत आणि मिरवणुकीत ती असते, तिच्याबरोबर गणवेश असतो. दुसरी ही कोपरावरची, मऊ आवाजाची, बसून वाजवायची. ती स्वयंपाकघरात, बैठकीत, नाचाच्या घरगुती मेळ्यात वाढली. युनेस्कोने २०१७ साली या वादनपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हिच्यातले मोठे वादक रोजच्या कपड्यांत बसले. विली क्लॅन्सी पेशाने सुतार. शेमस एनिस गावोगाव फिरून लोकगीतं गोळा करणारा आणि रेडिओवर काम करणारा. त्याचे फोटो पाहा, त्या काळी चारचौघे घालत तसा कोट आणि टाय.

युद्धपाइपवाल्यांचा केशरी किल्ट मात्र प्रसिद्ध आहे. आयरिश गार्ड्स या पलटणीचे पाइपर आजही तो घालतात. तो पुराणकाळापासूनचा आहे असं पर्यटकाला वाटतं. प्रत्यक्षात जुने आयरिश लोक लांब झगा घालत, केशराने रंगवलेला. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत कायदा करून त्याला मनाई झाली. शेकडो वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, राष्ट्रीय जागृतीच्या काळात तो केशरी रंग परत आणला गेला, पण स्कॉटिश घाटाच्या किल्टवर. रंग आपला, बेत शेजाऱ्याचा.

"पाय," मामा लगेच म्हणाले, "त्याहीनं बी उसनंच घेतलं. आन् माह्या कोटाले नावं ठेवतं तू."

भाशाने दुसरं उदाहरण काढलं. क्लॅन्सी बंधू नावाचे आयरिश गायक न्यूयॉर्कला गेले. हिवाळा कडक, म्हणून आईने घरून जाड पांढरे विणलेले स्वेटर पाठवले. त्यांच्या मॅनेजरने ते पाहिले आणि मंचावर हेच घालायचं, असं ठरवून टाकलं. १९६१ मध्ये ते अमेरिकी टीव्हीवर झळकले आणि तेव्हापासून जगाच्या लेखी आयरिश गाणं म्हणजे पांढरा स्वेटर. "आईने थंडीसाठी पाठवलं होतं, मामा. मॅनेजरने त्याचा गणवेश केला. माझं म्हणणं एवढंच आहे की वाजवणाऱ्याने काय घालायचं हे दुसरा माणूस ठरवतो. तुमचा लाल कोटही पार्टीला आवडतो म्हणूनच लाल आहे."

"आन् साधा शर्ट घातला तं?"

"तर लोक वाजवणं ऐकतील."

मामांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तो गोरा साधा शर्ट घालून बसला, तं लोक त्याले कलाकार म्हनते. त्याले खुर्ची देल्ली, मंग तो बसला. मी साधा शर्ट घालून गेलो तं काय म्हनते मालूम हाये? ए वाजंत्री, तिकडं सरक. दोनदा झालं हे माह्यासंगं. कोट रायला तं निदान 'बँडवाले' म्हनते. जेवाची पंगत बसली का कोट पाहून ताट वाढते. तुह्या त्या पाइपवाल्याले ताटासाठी कोट घालाले नाई लागत."

या मुद्द्यावर भाशाकडे उत्तर नव्हतं आणि प्रस्तुत लेखकाकडेही नाही. साधेपणा हा ज्याला आधीच मान मिळालेला आहे त्याला परवडतो. आयर्लंडमध्येही तो सगळ्यांना परवडला नाही. जॉनी डोरन हा भटक्या जमातीतला पाइपर घोड्याच्या गाडीत बिऱ्हाड घेऊन जत्रा आणि शर्यतींच्या मैदानांवर वाजवत फिरला. त्याचं वाजवणं ध्वनिमुद्रित झालं ते १९४७ मध्ये, आणि १९५० च्या सुरुवातीला तो गेला. आज इलन पाइप शिकणारा प्रत्येक जण ती मुद्रणं ऐकतो. तो हयात असताना मात्र तो बहुतेकांसाठी जत्रेतला वाजवणारा होता.

वऱ्हाडात याच्या नेमकं उलटं टोकही आहे. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहत ते चिंध्यांच्या अंगरख्यात. कीर्तनकाराचं स्वच्छ धोतर, उपरणं, पागोटं हे सगळं त्यांनी बाजूला सारलं आणि हातात खराटा घेतला. त्या चिंध्या त्यांनी स्वतः निवडल्या होत्या, कुणी अंगावर टाकल्या नव्हत्या; मामांच्या वडिलांच्या जुन्या सदऱ्यात आणि त्यांच्यात फरक आहे तो हाच. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावं जागवली, आणि मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली भगवी टोपी आजही अमरावती जिल्ह्यातल्या खंजिरी भजनी मंडळांच्या डोक्यावर दिसते. ती टोपी घालणाऱ्याला कुणी 'तिकडं सरक' म्हणत नाही.

भाशाने शेवटचा पर्याय मांडला. "मग आपलंच घाला ना. धोतर, बाराबंदी, फेटा. पुण्यात आमच्या ढोल-ताशा पथकात सगळे पांढरा कुडता आणि फेटा घालतात, पोरीसुद्धा. किती शोभून दिसतं. आता तर लग्नवालेही पारंपरिकच मागतात."

"मांगते नं. मागच्या साली अमरावतीच्या एका हॉलवाल्यानं सांगतलं, मास्तर, कोट नको, धोतर नेसून या, फोटोत चांगलं दिसते. म्या म्हनलं, धोतर माह्या बापानं जलमभर नेसलं, तवा कोनी फोटो नाई काढला." मामा जरा थांबले. "तुमी हौसेनं फेटा बांधता बाबू. मले आनंद हाये त्याचा, ढोल तुमी झ्याक वाजवता. पन तुमी दुसऱ्या दिवशी तो काढून हापिसात जाता. मी उद्या बी बँडवालाच रायतो."

टेलर इतका वेळ ऐकत होता. त्याने भाशाकडून मोबाइल मागून घेतला आणि तो व्हिडिओ पुन्हा लावला. त्याला ना किल्टशी देणंघेणं होतं ना पारंपरिकाशी. तो त्या माणसाचा दंड बघत होता. "याची बाही पाय मास्तर. बगलेत ढिली हाये. तंग असती तं कोपर हाललंच नसतं. आन् मनगटाले बी सैल ठेवलं. त्या आडव्या नळ्याइच्या पट्ट्या तो मनगटाच्या कडेनं दाबून रायला, बटन आडवं आलं असतं."

"माह्या कोटाची बाही कशी हाये?" मामांनी विचारलं.

"तंग," टेलर म्हणाला. "सायबाच्या कोटावानी कापतो आमी. तुमी क्लॅरिनेट उचलली का अख्खा कोट वर येते."

मामांनी हात उचलून पाहिले. अंगातला जुना कोट खरोखरच चार बोटं वर गेला आणि पाठीवर ताणला. इतकी वर्षं ते तो कोट खाली ओढत वाजवत आले होते.

मग भाशाने ती गोष्ट काढली जी मामांना आवडत नव्हती. मागच्या मे महिन्यात बँडमधला ट्रम्पेटवाला पोरगा वरातीत चक्कर येऊन पडला होता. दुपारची दोनची वरात. अमरावती जिल्ह्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. अंगात टेरिकॉट, आतून नायलॉनचं अस्तर, गळ्यापर्यंत हूक. कांद्याचा रस लावला, पाणी मारलं, पोरगं उठलं आणि पुन्हा रांगेत उभं राहिलं. नवरदेवाकडच्यांना वाटलं, पोरगं पिऊन आलंय.

"मामा, तुमचा कोट तुमचा मान आहे. मान्य. मी लाल म्हणून नाव ठेवलं ते चुकलं. पण त्या पोराचा जीव घ्यायचा नाही त्या कोटाने."

मामा बराच वेळ पितळी बटणांच्या डब्यात बोटं फिरवत राहिले.

"सुती कापड टिकन का?" शेवटी त्यांनी टेलरला विचारलं.

"दोन सिझन टिकन. धुवाले बी सोपं."

"रंग?"

"लालाचा रंग जाते सुतात, घामानं बुशकोटाले लागते. गर्द निया घ्या."

त्यावर पुढचा अर्धा तास जे चाललं त्यात आयर्लंड नव्हतं, इंग्रज नव्हते. पाठीचं अस्तर काढायचं. बाही कोपरापर्यंत. गळ्याचा हूक काढून उघडी कॉलर, म्हणजे फुंकताना शीर दबणार नाही. ढोलवाल्याच्या कोटाला डाव्या खांद्यावर आतून जाड पट्टी, कारण तिथे ढोलाचा पट्टा घासतो आणि दर वर्षी तिथलंच कापड आधी जातं. ट्रम्पेटवाल्याला आत एक खिसा, हातरुमालाचा. आणि प्रत्येक बगलेत कळी. आपल्या जुन्या सदऱ्याला, बंडीला असते तीच तिकोनी कळी, जिच्यामुळे हात वर गेला तरी कापड जागचं हलत नाही. टेलर तिला 'कयी' म्हणतो. मामांच्या बापाच्या अंगावर आलेल्या जुन्या सदऱ्यांनाही ती असणारच.

झालर मात्र मामांनी सोडली नाही. भाशाने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. लेसा गेल्या, झालर राहिली. बटणं पितळी, नऊच.

प्रस्तुत लेखकाला हा निवाडा पटतो. वाद्य कोपराचं असो वा फुंकायचं, पोशाखाचा पहिला हक्क त्या कोपराचा आणि त्या छातीचा आहे. शोभेचं काय ठेवायचं हे ज्याने त्या शोभेची किंमत मोजली त्याने ठरवावं. हॉलवाल्याने नाही, फोटोवाल्याने नाही, आणि पुण्याहून आलेल्या भाशानेही नाही.

निघताना टेलरने मामांना पुन्हा उभं केलं. या वेळी त्याने कपाटातली मोजपट्टी त्यांच्या हातात दिली, क्लॅरिनेट धरतात तशी धरायला सांगितली, दोन्ही कोपरं उचललेली, आणि छाती भरून घ्यायला सांगितली. मग टेप लावली. जुन्या मापात आणि या मापात अडीच इंचांचा फरक निघाला. वहीत आधीचा आकडा खोडून त्याने नवा लिहिला.

अकरा कोट अक्षय्य तृतीयेच्या आधी द्यायचे ठरले आहेत. या उन्हाळ्यात ज्यांच्या दारी बँड येणार आहे त्यांनी एवढं करावं: वरात उन्हं कलल्यावर काढावी, वाजवणाऱ्यांसाठी पिण्याचं पाणी वेगळं ठेवावं, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांची पानं आधी मांडावीत, मग त्यांच्या अंगावर कोट असो वा साधा शर्ट.